सभागृह कधी मोडायचे, हे सभागृहानेच तारखेसह ठरवावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्याविषयी चर्चा सुरू झाली की ब्रिटनचा दाखला हटकून दिला जातो, आणि तो बहुधा एका वाक्यात आटोपतो. ब्रिटनने २०११ मध्ये संसदेची मुदत कायद्याने बांधून पाहिली, त्यामुळे २०१९ मध्ये संसद ठप्प झाली आणि २०२२ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला, असे ते वाक्य. यातले एकही साल चुकलेले नाही. मात्र त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे सभागृह विसर्जित करण्याचा अधिकार पंतप्रधानांच्याच हाती असलेला बरा, हा मला साफ चुकीचा वाटतो. मी बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकवले. २०१९ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये हाउस ऑफ कॉमन्स या ब्रिटिश संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाचे कामकाज मी जवळजवळ रोज पाहत होतो. मुदतपूर्व निवडणुकीवरून तेव्हा जे डावपेच झाले, त्यांतून मला उलटाच धडा मिळाला, आणि तो सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२०११ पूर्वी ब्रिटनमध्ये संसद कधी विसर्जित करायची हे व्यवहारात पंतप्रधान ठरवत. राजा किंवा राणी त्यांच्या सल्ल्याने तसा आदेश काढत. २०१० च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि हुजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांचे आघाडी सरकार आले, तेव्हा धाकट्या भागीदाराला साहजिकच धास्ती होती की वारे अनुकूल दिसताच थोरला भागीदार निवडणूक लावून मोकळा होईल. या धास्तीतून स्थिर मुदतीचा कायदा जन्माला आला. दर पाच वर्षांनी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी निवडणूक होईल, असे त्याने ठरवले आणि मुदतपूर्व निवडणुकीसाठी फक्त दोन वाटा ठेवल्या. पहिली वाट म्हणजे सभागृहाच्या एकूण जागांच्या दोनतृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४ सदस्यांनी तसा ठराव संमत करणे. दुसरी वाट म्हणजे साध्या बहुमताने अविश्वास ठराव संमत होणे आणि त्यानंतरच्या चौदा दिवसांत कोणत्याही सरकारला सभागृहाचा विश्वास न मिळणे.

दोनतृतीयांशाची अट जाचक होती असे म्हणणाऱ्यांनी २०१७ आठवावे. थेरेसा मे यांनी १८ एप्रिलला निवडणुकीचा मनोदय जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी सभागृहाने ५२२ विरुद्ध १३ मतांनी तो मान्य केला, कारण विरोधी मजूर पक्षही निवडणुकीला तयार होता. त्या निवडणुकीत मे यांनी होते ते बहुमतही गमावले आणि उत्तर आयर्लंडमधील डीयूपी या पक्षाच्या दहा सदस्यांच्या आधाराने त्यांना सरकार चालवावे लागले. पुढच्या सगळ्या पेचाचे मूळ तिथे आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा त्यांचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. दुसऱ्याच दिवशी त्याच सभागृहाने त्यांच्यावरील अविश्वास ठराव ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी नामंजूर केला. सरकारचे सर्वांत महत्त्वाचे धोरण सभागृहाला नको होते, पण सरकार पाडायचेही नव्हते. जुन्या पद्धतीत पंतप्रधानांना कराराचे मतदानच विश्वासाचे मतदान ठरवता आले असते. नव्या कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. कायद्यावरचा हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो.

आता सप्टेंबरकडे येतो. २४ जुलैला पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांचे बहुमत ऑगस्टमधील एका पोटनिवडणुकीनंतर अवघ्या एका सदस्यावर आले होते. ३ सप्टेंबर रोजी ते सभागृहात बोलत असतानाच त्यांच्या पक्षाचे सदस्य फिलिप ली उठून लिबरल डेमोक्रॅट सदस्यांमध्ये जाऊन बसले आणि ते बहुमतही गेले. त्याच रात्री सभागृहाने ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी कामकाजाचा ताबा सरकारकडून स्वतःकडे घेतला. सरकारविरुद्ध मत देणाऱ्या एकवीस सदस्यांना हुजूर पक्षाने आपल्या संसदीय गटातून काढले. त्यांत माजी अर्थमंत्री केन क्लार्क आणि फिलिप हॅमंड होते, विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. सत्तेची बाके अशी स्वतःच्या हाताने रिकामी केल्यावर, ४ सप्टेंबर रोजी, सरकारने मुदतपूर्व निवडणुकीचा ठराव मांडला. त्याच्या बाजूने २९८ मते पडली, विरोधात ५६. इतर कोणत्याही ठरावासाठी हा दणदणीत विजय ठरला असता. येथे मात्र ४३४ चा आकडा गाठायचा असल्याने ठराव पडला. ९ सप्टेंबरला पुन्हा प्रयत्न झाला आणि २९३ विरुद्ध ४६ अशा मतांनी तोही निष्फळ ठरला.

मजूर पक्षाचे बहुतेक सदस्य या मतदानात तटस्थ राहिले. दोन वर्षे निवडणूक मागत आलेला पक्ष निवडणूक समोर येताच मागे सरला, म्हणून त्याच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही तेव्हा साधारण तसाच सूर होता. मला तो आरोप अन्यायकारक वाटतो, आणि माझ्या साऱ्या म्हणण्याचा गाभा याच मुद्द्यात आहे. त्या कायद्यात एक कलम असे होते की सभागृहाने मुदतपूर्व निवडणूक मंजूर केली तरी मतदानाचा दिवस पंतप्रधानांच्या शिफारशीने ठरेल. जॉन्सन यांनी १५ ऑक्टोबर हा दिवस सुचवला होता. परंतु ठरावात तो दिवस बांधलेला नव्हता आणि कायद्याप्रमाणे बांधताही येत नव्हता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तोवरची मुदत ३१ ऑक्टोबर ही होती. एकदा ठराव संमत झाला आणि सभागृह विसर्जित झाले, की पंतप्रधानांनी मतदानाचा दिवस नोव्हेंबरमध्ये ढकलला असता तर त्यांना जाब विचारायला सभागृह उरलेच नसते, आणि करार असो वा नसो, देश आपोआप बाहेर पडला असता. जॉन्सन तसे करणारच होते, असे मी म्हणत नाही. त्यांना तसे करता येत होते, एवढेच पुरेसे आहे. सदस्यांना निवडणुकीची भीती नव्हती. निवडणूक केव्हा होईल हे दुसऱ्याच्या हाती जाण्याची होती.

विरोधकांनी तारखेचा हा धोका आधी बंद केला. मजूर पक्षाचे सदस्य हिलरी बेन यांच्या नावाने ओळखले जाणारे विधेयक ४ सप्टेंबरलाच कॉमन्सच्या शेवटच्या वाचनात ३२७ विरुद्ध २९९ मतांनी संमत झाले आणि ९ तारखेला त्याला राजसंमती मिळाली. १९ ऑक्टोबरपर्यंत संसदेने करार किंवा कराराविना बाहेर पडणे यांपैकी काहीही मान्य केले नाही, तर पंतप्रधानांनी ३१ जानेवारी २०२० पर्यंतची मुदतवाढ मागितलीच पाहिजे, असे बंधन या कायद्याने घातले. मागणीच्या पत्राचा मजकूरसुद्धा परिशिष्टात शब्दशः दिला होता. पंतप्रधानांवर विश्वास नसलेले, पण त्यांना घालवून दुसरा कोण आणायचा यावर एकमत नसलेले सभागृह याहून वेगळे काय करू शकले असते, हे टीकाकारांनी कधी सांगितले नाही.

अविश्वास ठरावाची दुसरी वाट खुली असताना ती का वापरली नाही, असाही प्रश्न विचारला गेला. २५ सप्टेंबरला खुद्द जॉन्सन यांनी विरोधकांना तसे आव्हान दिले होते. या वाटेवरच्या चौदा दिवसांत काय होईल याबद्दल मात्र कायदा जवळजवळ मुका होता. ठराव हरलेल्या पंतप्रधानांनी त्या काळात राजीनामा द्यायचा की पदावर राहायचे, पर्यायी नेत्याने आपल्यामागे बहुमत असल्याचे कोणापुढे आणि कसे सिद्ध करायचे, यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नव्हते. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांना हंगामी पंतप्रधान म्हणून स्वीकारायला पक्षाबाहेर पडलेले हुजूर सदस्य आणि लिबरल डेमोक्रॅट तयार नव्हते, आणि दुसऱ्या कोणाच्या नावाला मजूर पक्ष तयार नव्हता. विरोधकांतील ही फूट हा त्यांचा दोष होता, यात शंका नाही. पण चौदा दिवस सरले असते तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता, कारण याही वाटेने मतदानाचा दिवस पंतप्रधानांच्याच शिफारशीवर सोडलेला होता.

संसदेचे सत्र संपवण्याचा प्रसंग याच काळातला. जॉन्सन यांनी २८ ऑगस्टला राणीला दिलेल्या सल्ल्यानुसार संसद सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून १४ ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने हे सत्र संपवणे बेकायदा आणि म्हणून मुळात झालेच नाही असे ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी सभागृह पुन्हा भरले. निवडणुकीच्या तारखेबाबत विरोधकांनी शब्दावर विसंबायला नकार दिला, तो किती रास्त होता, हे कळायला या प्रसंगापलीकडे जायची गरज नाही.

मग ऑक्टोबरात कोंडी फुटली कशी? १७ ऑक्टोबरला नवा करार झाला. १९ ऑक्टोबरला, फॉकलंड युद्धानंतर प्रथमच शनिवारी बसलेल्या सभागृहाने, आवश्यक कायदा होईपर्यंत कराराला मान्यता राखून ठेवणारी ऑलिव्हर लेटविन यांची दुरुस्ती ३२२ विरुद्ध ३०६ मतांनी स्वीकारली. बेन कायद्याप्रमाणे मुदतवाढीचे पत्र गेले, पंतप्रधानांच्या सहीविना. २२ तारखेला कराराच्या विधेयकाचे दुसरे वाचन ३२९ विरुद्ध २९९ मतांनी पार पडले, पण ते घाईने उरकण्याचे वेळापत्रक सभागृहाने त्याच दिवशी नाकारले. २८ ऑक्टोबरला युरोपीय संघाने ३१ जानेवारीपर्यंत मुदत वाढवली, आणि त्याच दिवशी निवडणुकीचा तिसरा ठरावही २९९ विरुद्ध ७० अशा मतांनी ४३४ पासून दूरच राहिला.

दुसऱ्या दिवशी जे घडले, ते माझ्या मते या सबंध पेचप्रसंगातील सर्वांत शिकण्यासारखे. सरकारने ठरावाचा मार्ग सोडून अवघ्या दोन कलमांचे विधेयक आणले. १२ डिसेंबर २०१९ रोजी सार्वत्रिक निवडणूक होईल, एवढेच त्याचे सार. विधेयकाला साधे बहुमत पुरते, आणि त्यात दुरुस्ती मांडता येते. म्हणून विरोधकांनी ९ डिसेंबर ही तारीख सुचवली. विद्यापीठांचे सत्र चालू असेल, विद्यार्थ्यांना शिकत असलेल्या गावी मत देणे सोपे जाईल, असा त्यामागचा एक विचार होता. ती दुरुस्ती २९५ विरुद्ध ३१५ मतांनी पडली. तीन दिवसांच्या फरकावर सभागृहाने वाद घातला, मतदान केले, हरलेल्यांनी निकाल मानला, आणि अखेरीस विधेयक ४३८ विरुद्ध २० मतांनी संमत झाले. दोनतृतीयांशाचा जो आकडा तीन वेळा मागूनही मिळाला नव्हता, तो गरज नसताना मिळाला. आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्या सभागृहात सदस्य तेच होते. दोनच गोष्टी बदलल्या होत्या. कराराविना बाहेर पडण्याचा धोका मुदतवाढीमुळे टळला होता, आणि मतदानाची तारीख कायद्यातच लिहिलेली असल्याने ती बदलणे आता कोणा एकाच्या हाती उरले नव्हते.

याविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवाद मी टाळणार नाही. ॲटर्नी जनरल जेफ्री कॉक्स यांनी सप्टेंबरमध्ये ती संसद मृत झाली आहे असे म्हटले होते, आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या २०१६ च्या जनमत कौलानंतर तीन वर्षे वाट पाहून थकलेल्या अनेक मतदारांची भावना तीच होती. मार्च-एप्रिलमध्ये वेगवेगळ्या पर्यायांवर सूचक मतदान घेतले गेले, तेव्हा एकाही पर्यायाला बहुमत मिळाले नव्हते, हेही खरे. नकोत त्या गोष्टी नेमक्या सांगणाऱ्या आणि हवी ती गोष्ट न सांगू शकणाऱ्या सभागृहाला लोक कंटाळले, तर त्यांना दोष देता येत नाही. डिसेंबरमध्ये मतदारांनी जॉन्सन यांना ३६५ जागा दिल्या. परंतु आठवड्याच्या आत एक अवघड कायदा संमत करणारे आणि ऑक्टोबरमध्ये नव्या कराराला दुसऱ्या वाचनात तीस मतांचे आधिक्य देणारे सभागृह मृत नव्हते. सरकारच्या मनासारखे न वागणारे सभागृह आणि निकामी झालेले सभागृह यांतला फरक करण्याचे काम त्या भांडणातल्या एका पक्षाकडे, म्हणजे पंतप्रधानांकडे, सोपवता येत नाही.

हा फरक कसा करावा, याविषयीचा ब्रिटनमधील सर्वांत प्रसिद्ध मजकूर संपादकांना लिहिलेल्या पत्राच्याच रूपात आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याचा मोह मला आवरत नाही. १९५० च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे बहुमत अगदी काठावर आले, तेव्हा पंतप्रधानांनी लगेच पुन्हा निवडणूक मागितली तर राजाला नकार देता येईल का, यावर वाद सुरू झाला. राजे सहावे जॉर्ज यांचे खासगी सचिव ॲलन लासेल्स यांनी 'सेनेक्स', म्हणजे वृद्ध, या टोपणनावाने लंडनच्या 'द टाइम्स'ला पत्र लिहिले. ते २ मे १९५० रोजी छापून आले. त्यात नकारासाठी तीन अटी सांगितल्या होत्या: असलेली संसद अजून जिवंत आणि काम करण्यास समर्थ असणे, निवडणुकीने देशाच्या अर्थव्यवस्थेला हानी पोहोचणार असणे, आणि त्याच सभागृहात पुरेशा काळासाठी बहुमताने कारभार करू शकणारा दुसरा पंतप्रधान मिळण्याची खात्री असणे. तत्त्व म्हणून हे उत्तमच. पण ते अमलात आणायचे कोणी? बिनलोकनियुक्त राजाने लोकनियुक्त पंतप्रधानांना नकार द्यायचा, तर १९२६ मध्ये कॅनडात झाले तसे होते. गव्हर्नर जनरल बिंग यांनी पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना विसर्जन नाकारले, दुसरे सरकार नेमले, ते काही दिवसांतच एका मताने हरले आणि शेवटी निवडणूक झालीच. ती किंग यांनी जिंकली. तेव्हापासून राजसत्ता नकार देण्यास बिचकते, आणि बिचकावेच. म्हणूनच हा निर्णय सभागृहाने स्वतः करावा, असे मी म्हणतो.

ब्रिटनने मात्र २०२२ मध्ये उलट पाऊल टाकले. २४ मार्चला संमत झालेल्या कायद्याने विसर्जनाचा जुना अधिकार जसाच्या तसा परत आणला, शिवाय त्या अधिकाराच्या वापरावर न्यायालयांत प्रश्न विचारता येणार नाही असेही लिहून ठेवले. विसर्जनापूर्वी कॉमन्सचे मत घ्यावे अशी दुरुस्ती वरिष्ठ सभागृहाने केली होती. कॉमन्सने ती फेटाळली. आपल्याच हाती येऊ घातलेला अधिकार लोकांनी निवडलेल्या सभागृहाने असा परत करावा, याचे मला तेव्हा वाईट वाटले आणि आजही वाटते. २०२४ मध्ये ऋषी सुनक यांनी मे महिन्यात घोषणा करून ४ जुलैला निवडणूक घेतली, ती याच परत आलेल्या अधिकाराने.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ नुसार राष्ट्रपती लोकसभा विसर्जित करतात, आणि अनुच्छेद ७४ मुळे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. मतदानाच्या तारखा आपल्याकडे निवडणूक आयोग ठरवतो, हा ब्रिटनहून मोठा आणि चांगला फरक आहे. तरीही विसर्जनाच्या क्षणी सभागृहाला काहीच म्हणता येत नाही, ही उणीव आपल्याकडेही आहे. २० ऑगस्ट १९७९ रोजी चरणसिंह यांनी लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला आणि विसर्जनाचा सल्ला दिला. जगजीवन राम यांचा सरकार बनवण्याचा दावा असताना राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. जगजीवन राम यांच्यामागे बहुमत होते की नाही, यावर आजही दोन मते असू शकतात, कारण ते सभागृहात मोजलेच गेले नाही. एका दिवसाच्या मतदानाने तो वाद मिटला असता.

१७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेले आणि पुढे संयुक्त समितीकडे सोपवलेले, निवडणुका एकत्र घेण्यासाठीचे एकशे एकोणतिसावे घटनादुरुस्ती विधेयक अनुच्छेद ८२अ नव्याने घालते आणि ८३, १७२ व ३२७ या अनुच्छेदांत बदल सुचवते. मुदतीपूर्वी विसर्जित झालेल्या सभागृहानंतर निवडून येणारे सभागृह उरलेल्या मुदतीपुरतेच राहील, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे विसर्जनाची किंमत मतदारांसाठी आणि पुढच्या सभागृहासाठी वाढणार. आजवर पाच वर्षांसाठी दिले जाणारे मत कदाचित दीड-दोन वर्षांसाठीच द्यावे लागणार. अशा वेळी विसर्जन कोणाच्या निर्णयाने व्हावे, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो, आणि अनुच्छेद ८५ ला तर हे विधेयक हातच लावत नाही. पराभूत किंवा राजीनामा दिलेल्या पंतप्रधानांच्या सल्ल्यावर विसर्जन करण्यापूर्वी सभागृहाची बैठक बोलावावी, पर्यायी सरकारला तेथे बहुमत आजमावू द्यावे, आणि सत्तेवरील पंतप्रधानांना मुदतीआधी निवडणूक हवी असेल तर कोणत्या महिन्याच्या आत नवे सभागृह अस्तित्वात येईल हे लिहिलेला ठराव साध्या बहुमताने संमत करून घ्यावा, एवढी तरतूद अनुच्छेद ८५ मध्ये करता येण्यासारखी आहे. दोनतृतीयांशाची अट मी मागत नाही; २९ ऑक्टोबर २०१९ च्या त्या मतदानाने ती अनावश्यक असल्याचे दाखवले आहे. विधेयकावर अनुकूल-प्रतिकूल लिहिणाऱ्या अभ्यासकांनी आणि आपल्या खासदारांनी या एका अनुच्छेदाबद्दलही आपले मत मांडावे, अशी आपल्या दैनिकाद्वारे विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक